आमचे आम्ही गेलो

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे प्लॉट घेतले तेव्हा समोर बाभळी होत्या, पाण्याला एकच बोअर होता आणि रात्री बेंबळीच्या स्टँडवरून चालत यायचं तर बॅटरी लागायची. तेव्हा मला कुणी सांगितलं असतं की बाई, तुम्ही एक दिवस या सभागृहात उभ्या राहून परदेश प्रवासावर बोलाल, तर मी हसले असते. पण सचिवांनी विषय दिलाय आणि अर्धा तास दिलाय. शाळेत पस्तीस मिनिटांचा तास घ्यायची सवय आहे, पाच मिनिटं इकडेतिकडे झाली तर घंटा वाजवू नका.

आम्ही दोघं या वर्षी फेब्रुवारीत मलेशियाला जाऊन आलो. क्वालालंपूर, कॅमेरॉन हायलँड्स, पिनांग आणि लंकावी. म्हणजे एक मोठं शहर, एक थंड हवेचं ठिकाण, एक जुनं बंदर आणि एक समुद्रकिनारा. कुठल्या टूर कंपनीबरोबर नाही. आमचे आम्ही.

परत आल्यावर सगळ्यांनी तोच प्रश्न विचारला, "या वयात एकटे कशाला गेलात?" आता एकटे कुठे, आम्ही दोघं होतो. पण प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर मी आजवर दोन-तीन घरांतच सांगितलं होतं. आज सगळ्यांनाच सांगते.

मला काचबिंदू आहे. मोतीबिंदू नव्हे. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून दिसायला लागतं, काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. डोळ्याच्या आतला दाब वाढतो, मागच्या नसेला इजा होते आणि कडेकडेचं दिसणं हळूहळू कमी होत जातं. दुखत नाही, लाल होत नाही, समोरचं पुस्तक नीट वाचता येतं. त्यामुळे कळतच नाही. मला दारातल्या बादलीला पाय लागायचा, भाजीवाल्याची गाडी एकदम अंगावर आल्यासारखी वाटायची. सोलापूरला डॉक्टरांनी नजरेच्या कक्षेची तपासणी केली. यंत्रात डोकं घालायचं आणि दिवा दिसला की बटण दाबायचं. कागद निघाला त्यावर दोन्ही डोळ्यांच्या कडेला काळे डाग. माझ्या आईलाही शेवटी दिसत नव्हतं, ते म्हातारपणामुळे असं आम्ही समजत होतो. हा आजार घराण्यात येतो. म्हणून चाळिशी ओलांडलेल्यांनी नंबर तपासताना दाबही तपासून घ्या. एवढंच बोलून पुढे जाते, कारण हे आरोग्य शिबिर नाही.

डॉक्टर म्हणाले, थेंब नियमित घातले तर आहे ती नजर टिकवता येईल. पुढे काय होईल त्याची खात्री कुणी देत नाही. घरी येताना एसटीत हे गप्प होते. उमरग्याचा फाटा गेला तरी गप्प. मग म्हणाले, "तुला काय बघायचं राहिलंय?" मी म्हटलं, समुद्र. आणि चहाचे मळे. गणपतीपुळ्याचा समुद्र मी शाळेच्या सहलीत पाहिलाय, पण त्या वेळी चाळीस पोरांकडे बघत होते, समुद्राकडे कुठे बघणार?

मुलगी पुण्याची. तिने लगेच टूर कंपनीचे कागद पाठवले. आम्ही एका कंपनीच्या ऑफिसात जाऊनही आलो. सात दिवसांत दोन देश, रोज सकाळी सहाला नाश्ता, साडेसहाला बस. तिथल्या मुलाला मी माझ्या डोळ्यांचं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, झेंड्याच्या मागे राहायचं. मागे राहिलात तर ग्रुप थांबत नाही." त्याचं त्याच्या जागी खरं असेल. पण गर्दीत कडेचं न दिसणाऱ्या बाईने झेंड्यामागे पळायचं म्हणजे दिवसभर फक्त झेंडाच बघायचा. हे तिथेच उठले. बाहेर येऊन म्हणाले, "तीस वर्षं मी महाराष्ट्राच्या गाड्या लावल्या. तुझी एक गाडी लावता येणार नाही का?"

तुम्हाला माहीत आहे, हे एसटीत वाहतूक नियंत्रक होते. त्यांनी दोनशे पानी वही आणली, रकाने आखले आणि वेळापत्रक करायला बसले. नातू मोबाईलवर शोधून द्यायचा, हे वहीत उतरवायचे.

मलेशियाच का? एक म्हणजे १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना तिथे तीस दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. पोहोचायच्या आधीच्या तीन दिवसांत एक फॉर्म ऑनलाइन भरायचा, तो फुकट आहे. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी, परतीचं तिकीट हवं. दुसरं, हैदराबादहून सरळ विमान आहे, साधारण साडेचार तासांचं. सोलापूर-हैदराबाद रस्ता आपल्याला घरच्यासारखा. तिसरं, तिकडे तमिळ लोक भरपूर, म्हणजे इडली-डोशाची चिंता नाही. माळकरी घराला हे महत्त्वाचं.

तारखा ठरवताना तर यांनी पंचांगच मांडलं. चिनी नवीन वर्ष २९ जानेवारीला, तेव्हा सगळं महाग. थैपुसम ११ फेब्रुवारीला, तेव्हा बाटूच्या गुहेत लाखोंची गर्दी. मार्चच्या सुरुवातीला रमजान. आणि लंकावीकडे डिसेंबर ते मार्च कोरडं असतं. या सगळ्याच्या मधली फट १३ ते २७ फेब्रुवारी. मध्ये २६ तारखेला महाशिवरात्र येत होती. मी म्हटलं, येऊ द्या, उपास तिथेही करता येतो.

आता तुम्हाला खर्च ऐकायचा असणार. दोघांचा मिळून एक लाख अठ्ठावन्न हजार. त्यात सगळी विमानं बासष्ट हजार, तेरा रात्रींचा मुक्काम एक्केचाळीस हजार, उरलेल्यात खाणं, बस, टॅक्सी, विमा आणि नातवंडांची खरेदी. तेव्हा एक रिंगिट साडेएकोणीस-वीस रुपयांना पडत होता. माझा अर्धा वाटा आपल्या बायकांच्या भिशीतून आला, त्यामुळे भिशीला नावं ठेवणाऱ्या पुरुष मंडळींनी नोंद घ्यावी.

एक अडचण थेंबांची होती. माझी रात्रीच्या थेंबांची न फोडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवावी लागते, फोडल्यावर ती काही आठवडेच वापरायची आणि उन्हात तापू द्यायची नाही. तिकडे घाम फोडणारी हवा. मग डॉक्टरांकडून औषधांची नावं लिहिलेली चिठ्ठी इंग्रजीत घेतली, बाटल्या हातातल्या पिशवीत ठेवल्या, सामानात नाही. आपली शाळेची जुनी वॉटरबॅग असते ना, रुंद तोंडाची, तिच्यात गार पाण्याच्या पाऊचबरोबर बाटली. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. डॉक्टरांना विचारून आम्ही पहिल्या दिवसापासून तिथल्या नऊ वाजता थेंब घालायचं ठरवलं. रात्री नऊला यांच्या मोबाईलवर गजर वाजायचा. विमानतळ असो की समुद्र, आधी थेंब.

क्वालालंपूर म्हणजे मलय भाषेत गढूळ संगम. क्लांग आणि गोंबाक या दोन नद्या तिथे मिळतात आणि संगमावर जुनी सुंदर मशीद आहे. लोक ४५२ मीटर उंचीच्या पेट्रोनास मनोऱ्यांचे फोटो काढतात, आम्हीही काढले. मान वर करून बघण्यात मला अडचण नव्हती, कडेचं बघायचंच नव्हतं. पण मला त्या शहरातलं जे लक्षात राहिलं ते वेगळंच.

आम्ही उतरलो होतो ब्रिकफील्ड्स नावाच्या भागात. मुख्य रेल्वे स्टेशनच्या अगदी लगत. पूर्वी तिथे विटांच्या भट्ट्या होत्या, म्हणून ते नाव. नंतर रेल्वेत काम करायला आलेले तमिळ आणि श्रीलंकेचे लोक तिथे राहिले. रस्त्यावर हार, साड्या, केळीची पानं, कापूर. सकाळी खिडकी उघडली तर सांबाराचा वास. हे म्हणाले, "एवढ्या लांब येऊन सोलापुरातच उतरलो की काय?"

पहिल्या संध्याकाळी फूटपाथवर माझ्या पायाखाली काहीतरी खडबडीत लागलं. पिवळ्या फरशा, त्यावर उभ्या रेघा. चौक आला की रेघांच्या जागी गोल ठिपके. मी उभी राहिले. पांढरी काठी घेतलेला एक माणूस त्याच पट्टीवरून आमच्याकडे आला, कुणाला न विचारता वळला आणि रस्ता ओलांडून गेला. थोड्या वेळाने दोन बायका, हातात हात, दोघींकडे काठ्या, गप्पा मारत. मग आणखी एक. मी यांना म्हटलं, अहो, इथे काय आहे? चौकशी केली तेव्हा कळलं की मलेशियाची अंधांसाठीची मोठी संस्था, १९५१ साली सुरू झालेली, याच भागात आहे. तिथे शिकायला आलेली माणसं मग इथेच राहिली. मालिश करण्याची त्यांची दुकानं आहेत, रांगेने.

काय सांगू तुम्हाला. निदान झाल्यापासून मी रात्री डोळे मिटून घरात चालून बघायची. स्वयंपाकघर किती पावलं, मोरी किती पावलं. यांना कळू द्यायची नाही. आणि इथे ही माणसं बाजारात चालली होती, भाजी घेत होती, भावावरून भांडत होती.

दुसऱ्या दिवशी यांचा खांदा धरला होता म्हणून आम्ही एका मालिशवाल्याकडे गेलो. पन्नाशीचा माणूस, तमिळ घरातला, जन्मापासून अंध. मोडकंतोडकं इंग्रजी दोन्हीकडे. यांचा खांदा दाबता दाबता त्याने विचारलं, कुठले? आम्ही सोलापूरजवळचे म्हटलं, बेंबळी कुठे सांगणार. उद्या कुठे जाणार? बाटू केव्ह्ज. तो म्हणाला, "पायऱ्या दोनशे बहात्तर. मी मोजल्यात." मी विचारलं, तुम्ही चढता? "दर वर्षी. उतरताना जपा. चढण्यापेक्षा उतरणं अवघड." हे बरोबर माझंच दुखणं होतं. काचबिंदूत पायाखालचं कमी दिसतं, त्यामुळे उतरताना पायरीची कड हरवते. मी त्याला माझं सांगितलं. तो थोडा थांबला आणि विचारलं, "थेंब वेळेवर घालता?" म्हटलं, घालते. "मग बरं," म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला. कीव केली नाही, धीरही दिला नाही. मला त्याचं फार बरं वाटलं.

बाटू केव्ह्ज शहराच्या उत्तरेला आहे, लोकल गाडी थेट पायथ्याशी जाते. चुनखडीचा प्रचंड डोंगर, त्यात गुहा, गुहेत मुरुगन म्हणजे आपला कार्तिकेय. पायथ्याशी त्याची सोनेरी मूर्ती, जवळजवळ ४३ मीटर उंच, २००६ साली उभी केलेली. आता आपल्याकडे बायका कार्तिकेयाचं दर्शन एरवी घेत नाहीत, कार्तिकी पौर्णिमेचा मुहूर्त बघतात. तिथे बायकाच जास्त. मी देवाला म्हटलं, देशाप्रमाणे वेश, आणि हात जोडले.

त्या पायऱ्या २०१८ साली रंगवल्यात, निळ्या, पिवळ्या, गुलाबी, हिरव्या. कुणी म्हणतं भडक दिसतात. मला विचारा. प्रत्येक टप्प्याचा रंग वेगळा असल्यामुळे मला कळायचं कुठे काय संपलं. कठडा धरून, प्रत्येक वीस पायऱ्यांना थांबून, माकडांना पिशवी न दाखवता आम्ही वर गेलो. उतरताना हे एक पायरी पुढे, माझा हात यांच्या खांद्यावर, आणि तोंडाने मोजणी. आजूबाजूचे बघत होते. बघू देत. झेंड्यामागे असतो तर हे अर्धा तास कुणी उतरू दिलं असतं?

तिथून कॅमेरॉन हायलँड्स. त्यासाठी मोठ्या बसस्थानकावर जावं लागतं, आणि तिथे आमच्या ह्यांचा देव भेटला म्हणा. विमानतळासारखं बसस्थानक. फलकावर गाडी, दरवाजाचा नंबर, सुटायची वेळ. एका रांगेत तीनच आसनं. हे फलकाखाली हात मागे बांधून उभे राहिले आणि दहा मिनिटं नुसत्या गाड्या सुटताना बघत होते. "नऊची नऊला गेली," असं मला येऊन सांगितलं. मग म्हणाले, "आपल्याकडे डोंगराळ रस्ते, खेडोपाडी वस्ती, सवलतींचे प्रवासी. तुलना बरोबर नाही." एसटीवर कुणी बोललेलं त्यांना चालत नाही, स्वतःचं मनसुद्धा.

तापाह नावाच्या गावापासून घाट लागतो. तानाह राता हे मुक्कामाचं गाव, उंची जवळजवळ दीड हजार मीटर, महाबळेश्वरापेक्षा थोडी जास्त. विल्यम कॅमेरॉन नावाच्या इंग्रज सर्वेक्षकाने १८८५ साली हा भाग पाहिला, त्याचं नाव लागलं. चहा आला १९२९ साली, बोह नावाच्या मळ्यापासून. दुसऱ्या एका मळ्याच्या कंपनीचं नाव चक्क 'भारत' आहे, १९३३ची, आपल्याकडून गेलेल्या माणसाची.

मळ्यात मी चार तास बसले. खरंच चार तास. टेकड्यांवर टेकड्या, आणि सगळ्या एखाद्याने कंगवा फिरवावा तशा. माझी नजर आता खिडकीतून बघितल्यासारखी आहे. एका वेळी एक तुकडा दिसतो. मग मान थोडी वळवायची, पुढचा तुकडा. असं करत डावीकडून उजवीकडे सगळा डोंगर मी पाहिला, नंतर वरून खाली. मधेच ढग यायचा, सगळं पुसून जायचं, पुन्हा यायचं. यांनी चहाचे चार कप संपवले आणि एकदाही "चल" म्हणाले नाहीत. पस्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच.

सगळंच सुंदर होतं असं नाही. घाटातून येताना डोंगरच्या डोंगर पांढऱ्या प्लॅस्टिकने झाकलेले दिसतात. आपल्याकडचे शेडनेट बघा, तसे, पण शेकडो. त्यात भाजी, स्ट्रॉबेरी, फुलं. डोंगर कापून केलेले, मोठ्या पावसात माती खाली येते. मळ्यात पानं खुडायला पूर्वी तमिळ मजूर होते, आता बांगलादेश-नेपाळची पोरं दिसतात. एक नेपाळी मुलगा हिंदीत बोलला. दोन वर्षं घरी गेला नव्हता. दुष्काळात आपल्या भागातली माणसं ऊसतोडीला जातात, त्यांची पोरं शाळेत माझ्याकडे सहा महिने असायची, सहा महिने नसायची. त्या मुलाला बघून तीच आठवली. चहा घेताना हेही घशाखाली उतरतं.

याच गावातून १९६७ साली जिम थॉम्पसन नावाचा अमेरिकन रेशीम व्यापारी दुपारी फिरायला गेला आणि आजतागायत सापडला नाही. हे वाचल्यापासून यांनी मला हॉटेलच्या फाटकाबाहेर एकटं जाऊ दिलं नाही.

भाषेची मात्र मजा आली. मलय भाषेत आपले शब्द जागोजाग. भाषेला बहासा, शिक्षकाला गुरू, पृथ्वीला बुमी. हॉटेलवाली मुलगी यांच्याकडे बोट करून म्हणाली "सुआमी?" म्हणजे नवरा. आणि मी "इस्तेरी". नवरा तो स्वामी आणि बायको ती नुसती स्त्री, इथेही अन्याय! 'दोसा' म्हणजे पाप, आपल्या दोषावरून. सुदैवाने खायच्या डोशाला ते 'तोसे' म्हणतात, नाहीतर आम्ही रोज दोन-दोन पापं मागवली असती.

पिनांगबद्दल थोडक्यात सांगते. इंग्रजांनी १७८६ साली वसवलेलं बंदर, जॉर्जटाऊन. जुनं शहर २००८पासून जागतिक वारशाच्या यादीत. एकाच रस्त्याच्या आसपास चर्च, चिनी देऊळ, मारिअम्मनचं देऊळ आणि मशीद. फेरीबोटीने बेटावर जायचं, ती मजा सोडू नका. टेकडीवर १९२३ सालापासून दोरीची गाडी चालते. ऊन मात्र भयंकर. दुपारी आम्ही सरळ झोपायचो. स्वतःहून गेल्याचा हा सगळ्यात मोठा फायदा, दुपारी झोपता येतं.

पण तिथून आम्ही एक दिवस टॅक्सी करून केदाह राज्यात बुजांग खोऱ्यात गेलो, ते सांगायलाच हवं. तुम्ही म्हणाल तिथे काय? तेर. आपलं तेर! म्हणजे तेर नव्हे, तेरचा भाऊबंद. चौथी-पाचवीच्या किती तुकड्या मी तेरला नेल्या. तगर नावाचं मोठं व्यापारी गाव, रोमशी व्यापार, पेरिप्लसमध्ये उल्लेख, लामतुरे यांच्या संग्रहालयातल्या हस्तिदंती बाहुल्या आणि मणी. तोच काळ मनात ठेवून या खोऱ्यात फिरलं की पटतं की समुद्र ही भिंत नव्हतीच. हिंदी महासागरातून येणाऱ्या जहाजांचं हे बंदर, इथे दीड हजार वर्षांपूर्वीपासूनच्या हिंदू-बौद्ध वास्तूंचे पाये सापडलेत, संग्रहालयात मणी ठेवलेत. जुन्या देवळाला ते लोक 'चंडी' म्हणतात. संस्कृतात या प्रदेशाला कटाह म्हणत, कटाह म्हणजे कढई. तमिळमध्ये कडारम. राजेंद्र चोळाने या कडारमवर आरमार पाठवलं ते साल १०२५. आणि आम्ही गेलो २०२५ला! बरोबर हजार वर्षांनी. हे म्हणाले, "त्याने आरमार आणलं, आपण वॉटरबॅग."

चंडी बुकित बातू पहातचा चौथरा झाडीत आहे, शेजारून ओढा वाहतो. तिथे आम्हा दोघांशिवाय कुणी नव्हतं. मी दगडांवर हात फिरवून बघितले. आता असं हात लावून बघायची सवय करतेय.

लंकावीला पिनांगहून छोट्या विमानाने गेलो, बसेपर्यंत उतरायची वेळ येते. ९९ बेटांचा समूह म्हणतात, मुख्य बेट एकच मोठं. १९८७पासून करमुक्त, त्यामुळे चॉकलेट स्वस्त, आणि दुसरंही काही स्वस्त, पण त्यात आमचं काम नाही. तिथे मासुरी नावाच्या बाईची समाधी आहे. नवरा लढाईवर गेलेला, लोकांनी तिच्यावर खोटा आळ घेतला, तिला मारलं, तर म्हणे पांढरं रक्त निघालं आणि तिने सात पिढ्यांचा शाप दिला. ऐकताना वाटलं, ही गोष्ट आपल्या कुठल्याही गावच्या वेशीवरच्या देवीची असू शकते. बायकांवर आळ घ्यायला लोकांना समुद्र ओलांडावा लागत नाही.

आणि समुद्र. चेनांगच्या किनाऱ्यावर मी संध्याकाळी बसले. इथे मात्र मान वळवत बसावं लागलं नाही. कारण समुद्र कुठूनही बघितला तरी समुद्रच, तुकडा तुटला तरी काही अडत नाही. पाणी कोमट. आपल्याकडे टँकरची वाट बघत हंडे रांगेत लावलेले आठवतात ना, २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आलं तेव्हा? त्या उन्हाळ्यात आपण इथे भांडी घासलेलं पाणी झाडांना घालत होतो. एवढं पाणी एका जागी बघून मला आधी आनंद झाला नाही, राग आला. मग हसू आलं. हे गुडघ्यापर्यंत पँट दुमडून पाण्यात उभे, हातात चप्पल. नऊ वाजले, गजर वाजला. यांनी वाळूत मला आडवं केलं आणि मोबाईलच्या उजेडात थेंब घातले. डोळे मिटून पाच मिनिटं पडायचं असतं. लाटा ऐकू येत होत्या. त्या पाच मिनिटांत मी पावलं मोजली नाहीत.

महाशिवरात्रीला आम्ही परत ब्रिकफील्ड्सला आलो. उपासाला काय? ऐका. साबुदाणा मूळचा त्या भागातलाच. तिकडे साबूचं ताडासारखं झाड असतं, मलय भाषेत 'सागु', त्याच्या खोडातलं सत्त्व म्हणजे मूळचा साबुदाणा. बोर्निओ बेटावर सारावाकमध्ये आजही त्याचं मोठं पीक आहे. आपला आत्ताचा साबुदाणा तमिळनाडूत सेलमकडे एका कंदापासून होतो, नाव फक्त जुनं राहिलं. तिथे 'सागो गुला मेलाका' म्हणून पदार्थ मिळतो. शिजवलेला साबुदाणा, नारळाचं दूध आणि माडाचा काळा गूळ. देवळात जाऊन आलो आणि तो खाल्ला. आणि उपासाला मलयमध्ये शब्द 'पुआसा'. मुस्लिम लोक रमजानच्या रोजालाही तेच म्हणतात. दुकानातली बुरख्यातली बाई मला म्हणाली, "आज पुआसा?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "आमचा पुढच्या आठवड्यात." दोघींना एकमेकींचं बाकी काही कळलं नाही, एवढं कळलं.

आता तुमचे प्रश्न येतीलच. भीती वाटली का? रस्ता ओलांडताना वाटायची, पण ती इथे स्टँडसमोरही वाटते. आजारी पडलो असतो तर? विमा होता, आणि डॉक्टरांची चिठ्ठी होती. भाषेचं? तमिळ, इंग्रजी आणि हात. मुलगी आता काय म्हणते? ती म्हणते, पुढच्या वेळी मला घेऊन चला.

मागच्या महिन्यात पुन्हा तपासणी झाली. डाग होते तेवढेच आहेत, वाढलेले नाहीत. पुढची तपासणी सहा महिन्यांनी.

एक विनंती मी कमिटीला केली होती आणि त्यांनी ती मान्य केली, त्याबद्दल आभार मानते. या सभागृहाच्या सात पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी मारायची. रंगाचा डबा आलाय, रविवारी सकाळी आठला हे ब्रश घेऊन उभे असतील, ज्यांना वेळ आहे त्यांनी या. चहा माझ्याकडे, बोहचा एक पुडा अजून शिल्लक आहे.

आणि ज्यांना जायचं असेल त्यांनी ती वही घेऊन जा. गाड्यांच्या वेळा, भाडी, कुठे काय खाल्लं, सगळं त्यात आहे. फक्त नेताना यांच्याकडे नाव आणि तारीख लिहून ठेवा. कंट्रोलर आहेत, वही परत आली नाही तर ते दारात येतात.